परिशिष्ट ड

एकोणीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला होते.
डेटनचं मोठं इस्पितळ, तळमजला, खरेदी विभाग.
खिडकीतून मागचं फाटक दिसायचं,
फाटकासमोर निळ्या दाराचं दुकान:
गेन्स अपहोल्स्टरी.
रोज दिसायचं. मी कधी पाहिलं नाही.

खुर्च्या आम्ही जॉर्जियाहून मागवायचो.
कळसा काखेत, वळसा तीन राज्यांचा.
फाटल्या की त्याच फाटकातून कचऱ्यात,
त्याच्याच दारावरून.

थर्मन गेन्सने एकदा निविदा भरली होती.
हाताने लिहिलेली,
सोबत रेक्झिनचा एक तुकडा, दुहेरी शिवण घातलेला.
परिशिष्ट ड नव्हतं.
परिशिष्ट ड म्हणजे
अशाच तीन मोठ्या संस्थांत केलेल्या कामाचे दाखले.
म्हणजे काम मिळालेलं असेल, तर काम मिळेल.
मी शिक्का मारला: अपूर्ण.
तुकडा मात्र ठेवून घेतला, कॉफीच्या मगाखाली.
सहा वर्षं त्यावर गोल डाग पडत राहिले.
शिवण उसवली नाही.

मग विभाग सिनसिनाटीला हलला. मी हलले नाही.

आता दर गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात बसते,
टेबलाच्या या बाजूला.
ओडेसा प्रूइट येते, चादरी धुण्याचं काम मागायला,
येताना एक चादर घडी करून आणते, पुरावा म्हणून.
बिनाली येतो, अहिस्का तुर्क, दोन ट्रकांचा मालक,
अर्जातला प्रत्येक शब्द मोठ्याने वाचतो
आणि मधेच थांबून विचारतो,
हे असं का लिहितात?
एकोणीस वर्षं मीच लिहायचे. मला सांगता येत नाही.

नोव्हेंबरात थर्मन आला.
बसण्याआधी त्याने खुर्ची उलटी करून पाहिली.
म्हणाला, "तुमची सही ओळखतो मी."
एवढंच.
मग खिशातून चष्मा काढला,
आणि आम्ही पान एकपासून सुरुवात केली.

पन्नास लाखांचा विमा हवा,
ओठांत खिळे धरून काम करणाऱ्या माणसाला.
पैसे नव्वद दिवसांनी.
शिवणावर बसणाऱ्या दोघी मुली
दर शुक्रवारी पगार नेतात.
भूक काही तिमाही नसते.

मी जुन्या खात्यातल्या मार्लाला फोन केला.
एकदा नाही, अकरा वेळा.
अकराशे चाळीस खुर्च्यांची एकच निविदा का?
चाळीस-चाळीसचे वाटे का नाहीत?
पैसे पंधरा दिवसांत का नाहीत?
अकराव्यांदा ती म्हणाली, "तू असताना का नाही केलंस?"
मी फोन ठेवला नाही,
हे त्या वर्षातलं माझं एकमेव शौर्य.

परिशिष्ट ड मध्ये आम्ही लिहिलं:
एका चर्चचे बाक, डेलफॉसच्या सलूनमधल्या सात खुर्च्या,
अंत्यविधीगृहातला लांब सोफा.
संस्था मोठ्या नाहीत, मी खाली जोडलं,
पण वाट पाहत बसणारी माणसं तीच आहेत.

मिळाल्या चाळीस.
डायलिसिसची प्रतीक्षा-खोली, तिसरा मजला.
अकराशे चाळीसांतल्या चाळीस,
टाळ्या वाजवण्याजोगं काही नाही.
ओडेसाचा अर्ज परत आलाय. पुन्हा भरतोय.

थर्मनने बैठका उसवल्या.
आत निघाले सदतीस सेंट, कानाचं एक यंत्र,
कागदात गुंडाळलेला दुधाचा दात,
आणि एक चिठ्ठी, वर लिहिलेलं
"डॉक्टरांना विचारायचं"
आणि खाली कोरं.
सगळं त्याने ऑलिव्हच्या बरणीत भरलं,
गुरुवारी बिलासोबत टेबलावर ठेवलं.
"कुणाचं तरी आहे," म्हणाला, "बिलात नोंद हवी."

बिलावर रकाने होते: नग, दर, एकूण.
यासाठी नव्हता.
मी पट्टी घेतली
आणि एक आखला.