जर

विट्यात, मायणी रस्त्याला माझं दुकान आहे,
दीड शटरचं.
पाटी बापानं रंगवून घेतलेली: जुनी जर रोखीनं घेतो.
खाली फोन नंबर, त्यातला शेवटचा आकडा उन्हानं खाल्ला.

लोक साडी नेसून ओळखतात. मी जाळून.
रेशमाला केस जळल्याचा वास,
सूत वहीच्या कागदासारखं रेंगाळत धुमसतं,
आणि प्लॅस्टिकची जर असली की काळा थेंब टपकतो,
तेव्हा मी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही.

सेलमला गलाईवर होतो तेव्हा कांजीवरम यायच्या,
ओल्या घोंगडीइतक्या जड.
काठ आणि अंग जिथं एकमेकांत अडकवलेलं असतं
तिथं कात्री अडायची.
गदवाल जाळली की दोन वास यायचे, आधी काठाचा, मग अंगाचा.
पैठणी एकदाच आली.
पुढून बघितली, मागून बघितली, सारखीच;
उलटी बाजू सापडेना म्हणून हात थांबला.
थांबला, आणि मग कापलीच.
राख धुतली, मुशीत टाकणखार घातला.
एकशे बारा ग्रॅम.
पदरातल्या पोपटांचं वजन वेगळं निघत नाही.

परवा निंगव्वा आली, जतच्या पलीकडून, संखची,
साखरेच्या पोत्यात इरकल गुंडाळून.
दोन एसट्या बदलून आलेली, पाणीसुद्धा आधी नको म्हणाली.
डाळिंबी पदर मी नखानं खरवडला.
लाल रेशीम, पांढरं सूत. बस.
मावशी, यात जर नाही.
‘जर कशाला? हे टोप हाय बगा, देवळाचं.
मधी हे तेनी. जोंधळ्याचं कणीस.’
आणि पदर जिथं अंगाला मिळतो तिथं बोट ठेवलं.
‘एक फासा अंगाचा, एक पदराचा.
बाप मागाच्या खड्ड्यात बसायचा, मी फासे घालायची.
नऊ वर्षांची व्हते.’

मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते,
आम्ही मोठ्यानं बोलत होतो, इथं सगळेच बोलतात.
एवढ्यात लाईट गेली.
साठ-सत्तर माग एकदम गप्प.
त्या शांततेत तिची बोटं चालूच होती,
मोकळ्या हवेत, चिमटीत काही नसताना,
एक अलीकडचा, एक पलीकडचा.

सवयीनं मी साडी काट्यावर टाकली.
पाचशे ऐंशी ग्रॅम. चांदी काही नाही.
वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली, ‘बरं झालं.’
मग म्हणाली, ‘लेकानं धाडलं हुतं.
नुसतं सांगून पटायचं न्हाई त्याला. पावती द्या.’

न घेतलेल्या मालाची पावती
मी आजवर फाडली नव्हती.
कार्बन सरळ केला. लिहिलं:
इरकल, नग एक. जर नाही.
शाळेत जर आला की पुढं तर यायचाच,
लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात.
मी तिथंच पूर्णविराम दिला, शिक्का मारला.
तिनं पावती आधी घडीत ठेवली, मग पोत्यात,
आणि आता पाणी मागितलं.

वहीत तिची कॉपी आहे,
वर चाळीस ग्रॅम, खाली साडेसात.
महिनाअखेरीला हिशेब बघणारा पोरगा विचारेल,
हे काय?