केझायाची घसरण

सप्टेंबरात, ग्रिम्सबीच्या शाळेत,
लोलकाचा प्रश्न घातला होता:
झोक्याला लागणारा वेळ कशानं बदलतो,
वजनानं की दोरीनं?
केझायानं लिहिलं, "दोरीनं."
कारण? "सर म्हणाले."
गुण दोन.

आता मे. छपरावर सीगल भांडतायत.
तोच प्रश्न, तीच पेन्सिल,
चावून चावून बोटभर उरलेली.
"मी दोरी बदलली, वजनही बदललं, एकदमच.
त्यामुळं सांगता येत नाही.
पुन्हा करून बघू का?"

उत्तरसूचीत याला घर नाही.
शून्य मांडते.
आलेखावर तिची रेघ
जिन्यावरून पाय सुटल्यासारखी खाली येते.

मधल्या सुट्टीत
तिच्या बाकावर सुतळीचा गुंडा ठेवते,
दोन बोल्ट, एक जड,
आणि माझं घड्याळ.