पाचवा बोल्ट

चार बोल्ट निघाले. तीन शिव्या खाऊन, एक मुकाट.
पाचव्याला पाना लावला
तर त्याचं डोकंच हातात आलं,
ना आटा फिरला, ना आवाज,
दुधाचा दात पडावा तसं.

खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ.
मार्च महिन्याला वसंत म्हणणारा माणूस
किविनॉमध्ये अजून जन्मायचाय.
गॅरेजमध्ये रॉकेलची शेगडी,
स्टँडवर उघडं पडलेलं सहा सिलिंडरचं इंजिन,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठं;
पिस्टन वर्तमानपत्रावर ओळीने,
प्रत्येकाखाली पेन्सिलने नंबर,
कारण एकतीस वर्षं शाळेची बस चालवल्यावर
मी कुणालाही मोजल्याशिवाय उतरवत नाही.

नखाने खरवडलं.
डोक्याखाली भट्टीचं सिमेंट, वर काजळी चोळलेली.
त्याखाली तुटका बोल्ट,
आणि त्याच्या पोटात
त्याला काढायला घातलेला एक्स्ट्रॅक्टर,
तोही तिथेच तुटलेला.

या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.
म्हणजे बाबा.
आर्विड लाम्पिनेन,
ज्यांनी नऊ वर्षांच्या मला
शेजारच्या सौनाची फोडलेली काच लपवली म्हणून
दोन मैल बर्फातून चालवलं,
सांगायला, फक्त सांगायला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा?
मी ते खोटं डोकं बाकावर उपडं ठेवलं
आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

दुपारी वाइनो सारेला आला वेल्डिंगचं यंत्र घेऊन,
त्र्याऐंशी वर्षांचा, टोपीचे कान खाली पाडलेले.
भोकात वाकून बघितलं आणि हसला.
‘अजून आहे होय हा!
खाण बंद झाली त्या हिवाळ्यात
तुझ्या बापाने गाडी विकायला काढली होती.
गिऱ्हाईक आलं, फेरी मारली, किंमत ठरली,
आणि किल्ली देता देता म्हणाला,
पाचवा बोल्ट खोटा आहे.’
मग?
‘मग काय. मी नाही घेतली.’
तुम्ही?
‘तशीही माझ्याकडे कुठे होती एवढी रक्कम.’

तुटक्या टोकावर वेल्डिंगचा थेंब,
थेंबावर थेंब, वर एक नट चिकटवला.
पाना लावला. नट तुटला.
दुसरा. तोही तुटला.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात,
हा तर लाल होऊन बसला होता पीळ धरून.
वाइनोने खिशातून मेणबत्ती काढली,
तापल्या लोखंडाला टेकवली;
मेण वितळून आट्यांमध्ये कुठे गेलं, दिसलं नाही.
‘आता ओढू नकोस. विचार त्याला.’
पाव आटा पुढे.
पाव मागे.
पुढे, मागे.
आणि मग एक बारीक किरकिर,
वर्षानुवर्षं बंद दाराआडून कुणीतरी
‘आलो’ म्हणावं तशी.

तळहातावर तो बोल्ट:
काळा, आखूड, पोटात तुटकं पोलाद.
एका माणसाच्या लाजेचं वजन
जेमतेम दीड तोळा.

नव्या बोल्टला मी तांब्याची पेस्ट लावली,
आटा न् आटा भरून.
पुढच्या वेळी कुणी उघडेल
तेव्हा मी नसेन;
त्याला शिव्या घालाव्या लागू नयेत.

एप्रिलच्या शेवटी इंजिन गाडीत बसलं.
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार:
ठिणगीचा क्रम पाठ म्हणत वायरी लावल्या.
स्टार्टर मारला. खोकलं. निळा धूर.
पुन्हा मारला, आणि सुरू झालं,
पण लंगडत, पाचच पायांवर.
वाइनो बॉनेटला कान लावून उभा.
‘दोन आणि चारची अदलाबदल केलीस?’
केली होती.

सांगून टाकलं.