बिस्किटं

सेकोंडीत सळयांखाली ठेवायच्या ठोकळ्यांना
बिस्किटं म्हणतात.
सिमेंटची, चौकोनी, पन्नास मिलिमीटर जाड,
डोक्यावर तारेचे दोन कान.
अराबा बेंत्सिल ती लाकडी साच्यात पाडते,
सात दिवस पिंपात भिजवते,
मग घमेलं डोक्यावर घेऊन कामावर येते.
तिच्या क्वामेनानं लहानपणी एक चावून पाहिलं.
दाताचा टवका उडाला, बिस्किटाला काही झालं नाही.
हे ती गिऱ्हाइकांना अजून सांगते,
मालाची हमी म्हणून.

मी सळया बांधतो. एकोणीस वर्षं.
इथं समुद्र इतका जवळ
की पक्कड रात्री पुसली नाही
तर सकाळी तोंड उघडत नाही.

आज दुपारी बिस्किटं संपली. तीन तुळया बाकी,
मिक्सर पहाटे सहाला.
मुकादम एशुन म्हणाला, खडी सरकव खाली,
दगड तो दगड. आत कोण बघायला जातंय?

कुणीच जात नाही, हे खरं.
झाकली मूठ, सगळ्या तुळया सारख्याच राखाडी.
पण व्हायब्रेटर लागला की खडी घसरते,
सळई फळीला टेकते,
आणि मिठाला घाई नसते.
दोन बोटं आत शिरायला ते माणसाचा जन्म घेतं;
अर्धंच बोट असेल
तर पोर शाळेत जायच्या आत पोचतं.
मग लोखंड फुगतं, जागा मागतं.
मिळत नाही, म्हणून फोडून घेतं.

जुन्या मासळी बाजाराचं छत पाहिलंय मी:
तांबड्या बरगड्या उघड्या,
आणि खाली बायका छत्र्या उघडून बसलेल्या,
छपराखाली,
ऊन नाही, पाऊस नाही.

एशुनला मी काही बोललो नाही.
अंधार पडल्यावर अराबाकडे गेलो.
पिंपातली चार दिवसांची होती.
"कच्ची देत नाही," ती म्हणाली,
आणि मी उठेपर्यंत गप्प बसली.
मग आतून पहार आणली.

तिची न्हाणी टवके गेलेल्या जुन्या बिस्किटांनी मढवलेली.
क्वामेनानं कंदील धरला.
आम्ही साबणाच्या पाण्यात मुरलेली
चौसष्ट उपटली,
खरवडून धुतली, एकेक मोजून पाहिली.
कान गंजून गळालेले; नवी तार
मी रात्रभर ओवत बसलो.

सहाला मिक्सर आला. एशुननं वाकून पाहिलं,
विचारलं काहीच नाही.

अराबा आता चिखलात अंघोळ करते.
चौसष्ट बिस्किटांची उधारी आहे माझ्यावर,
आणि ती व्याज लावते.