तुरीची डाळ

सोळाव्या मजल्यावरच्या कुमुद खारकर
वागळे इस्टेटमधल्या एका रंगांच्या कंपनीत
एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या.
डोळे जन्मापासून नाहीत.
बोर्डावर चाळीस बटणं, आणि म्हणतात,
प्रत्येकाचा स्वभाव निराळा:
अकाउंट्सचं जरा अडायचं, गोदामाचं सैल,
मोठ्या साहेबांचं कायम गार,
ते जागेवर असतील तर ना.

घोडबंदर रोडला आमची सोसायटी झाली
तेव्हा लिफ्टला बटणं होती,
गोल, उठावाची, शेजारी ब्रेलचे ठिपके.
गेल्या मार्चमध्ये ती गेली आणि काच आली,
काळी, गुळगुळीत, बोट टेकताच उजळणारी.
सगळ्यांनी फोटो काढले. मीही.
असल्याच काचांवर माझं पोट आहे.
महापेला ऑफिस. आई विचारते, दिवसभर करतेस काय,
तर सांगते, बटणं काढते.
काढते म्हणजे रेखाटते, असं तेव्हा म्हणायचं असायचं.

काचेवर शोधणं आणि दाबणं एकच.
चाचपडणारा हात तिला कळत नाही,
ती हुकूमच समजते.
पहिल्या आठवड्यात लिफ्ट थांबली
तिसऱ्यावर, सातव्यावर, आठव्यावर, अकराव्यावर,
दार उघडायचं, बाहेर कुणी नसायचं.
एक पोरगा म्हणाला, आजी खेळतायत.

मग एका सकाळी सोळाच्या आकड्याखाली
तुरीची डाळ. एकच, गोंदानं चिकटवलेली.
तळमजल्याला वाटाणा.
आकडे वॉचमननं दाखवले, डाळ त्यांच्या डब्यातली.
डाळीला बोट लागलं की
तिथून अर्धं पेर वर.
त्याच आठवड्यात मी सुगम्यतेवर
चौतीस स्लाइड केल्या होत्या.
एकीतही डाळ नव्हती.

नोटीस लागली:
"लिफ्टमध्ये खाद्यपदार्थ चिकटवू नयेत. सचिव."
डाळ खरवडली गेली. पुन्हा लागली.
पुन्हा खरवडली, पुन्हा लागली,
शेवटी सचिवच कंटाळले.

जुलैत एका रात्री काच स्वतःहून शहाणी झाली.
ज्या मजल्यांवर जास्त ये-जा, ते वर सरकले,
बाकीचे खाली, कोपऱ्यात.
डाळ जिथल्या तिथे.
कुमुदताई दुधाची पिशवी घेऊन नवव्या मजल्यावर उतरल्या
आणि गाडगीळांच्या कुलपात
बराच वेळ किल्ली फिरवत राहिल्या.

मी माफी मागायला गेले. कुणाच्या वतीनं, माहीत नाही.
काच आमच्या कंपनीची नाही, हे आधी सांगून टाकलं.
मग सवयीनं म्हटलं,
लिफ्टमध्ये शिरलात की मनात जे येईल ते
मोठ्यानं बोलत राहाल का? आम्ही असंच शिकतो.
त्या म्हणाल्या, बोलत बसले तर मजला निघून जाईल.
चहा ओतला, कपात बोटाचं टोक धरून, न सांडता.
"आमचा बोर्ड बदलायचा असला
की आठ दिवस आधी कळवायचे.
जुना काढायच्या आधी नव्यावर हात फिरवू द्यायचे.
तुमच्यात कोण कळवतं?"

लिफ्ट कंपनीला लिहिलं. तक्रार क्रमांक आला,
पाठोपाठ पाच पिवळे चेहरे:
आमच्या सेवेचा अनुभव कसा वाटला?

काल त्यांनी काडेपेटीतून थोडी डाळ दिली,
चिमूटभर जास्तच.
तुला दिसतं ना, म्हणाल्या, तू लाव.
पुढचा बदल कधी?
माहीत नाही, म्हटलं, ती आपली आपण ठरवते.
"म्हणून तर जास्त दिली."

रात्री साडेदहाला लावली.
गोंद धरेपर्यंत अंगठ्यानं दाबून ठेवायची असते.
कुणीकुणी बोलावत होतं, लिफ्ट जात होती,
बारावा, तळ, पाचवा, पुन्हा तळ,
मी भिंतीला अंगठा लावून उभी,
शाळेत शिक्षा झाल्यासारखी.
बाविसाव्यावरचे एक गृहस्थ आत आले,
बोट उगारून अदबीनं म्हणाले, कितवा?

सोळावा, म्हटलं.
पण आत्ता नको.