पेन्सिलीची खूण

सिरियाक रिबेलोच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्ली
म्हणून मी शिरोड्याहून कुडतरीला गेलो.
चौकट राहिली बाजूला.
त्यानं मला मधल्या खोलीत नेलं, चादरी ओढल्या.
चार ड्रमसेट.
पलंग ठेवायला जागा नव्हती.

तेवीस वर्षं बोटीवरच्या बँडमध्ये काढलेला माणूस.
दुसरे तारवटी घड्याळं आणायचे, सेंट, चॉकलेटं,
हा खोक्यांतून ढोल आणायचा.
एस्पेरांस, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली,
फ्रीज माझ्या भावानं दिलेला, लक्षात ठेव.

आता तिचे गुडघे जिना मानत नाहीत.
पलंग खाली यायचा आहे.
एकच सेट राहील, तीन जातील.
'तूं च्यारी मरे,' सिरियाक म्हणाला,
'तूं सांग, लांकूड खंयचें बरें?'

मला सुरातलं काय कळणार?
चवथीला पाच दिवस घुमट वाजवतो,
तेही मागच्या रांगेत. घोरपडीचं कातडं बंद झालं,
आता बकरीचं, आणि त्यावरून आमच्याकडे
अजून भांडणं होतात. तेवढंच माझं शास्त्र.

लुडविग आधी हातात घेतला.
बाहेर मोत्याची झाक, आत पांढरा रंग,
पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मारलेला असावा तसा.
कडेला नखानं खरवडलं:
वर-खाली मेपल, मधे पॉप्लर.
आमच्या सावरीची मावसबहीण, आगकाड्यांचं लाकूड.
'पण लग्नात हाच,' सिरियाक म्हणाला,
'सगळ्यांशी गोड बोलतो.'

ग्रेच जड. कडी ओतीव.
आत रुपेरी रंग, पाण्याच्या टाकीला देतात तसा,
लाकडाची रेघ दिसेल तर शपथ.
त्यानं काठीनं एकदाच मारलं.
कोरडा, थोडक्यात उत्तर देणारा आवाज.
सिरियाकनं उजवा कान पुढे केला.
डावा बोटीवरच गेला, झांजेच्या बाजूचा.

रॉजर्सचं मी नाव काढणार नाही असं ठरवलं होतं.
कारण त्याचे सांधे, त्या चाव्या, ते वळणारे खिळे
बघून सुताराला लोहाराचा मत्सर वाटतो.
साठ वर्षांत एक स्क्रू हललेला नाही.
असू दे. ते लोखंडाचं कौतुक.

चौथ्याचं नाव मला तीनदा विचारावं लागलं.
स्लिंगरलँड.
उलटा केला आणि तसाच धरून बसलो.
आत रंगच नव्हता. उघडं मेपल, पातळ वार्निश,
आणि वार्निशखाली पेन्सिल:
एक बाण,
एक सातचा आकडा, पोटात आडवी रेघ.
वर कुठली बाजू, खाली कुठली, विसरू नये म्हणून.
मीही अशीच करतो. माझा बाण जरा लांब असतो.
शिकागोतला कुणी, कानामागे पेन्सिल अडकवलेला,
जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी
घाईत काढून गेला असेल.

'हाच ठेव,' मी म्हणालो.
सिरियाक हसला. 'खुणेचो आवाज येता काय रे?'
मग स्टुलावर बसला, चारही वाजवले.
ग्रेचवर उठेचना.
एस्पेरांस दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच,
आणि पलंगाचं काही बोलली नाही.

शनिवारी आसगावहून पिकअप आला.
लुडविग त्या माणसाला भिंतीवर टांगायचा होता,
कॅफेत. त्याला आवाज ऐकवायला लागलाच नाही.
मी स्लिंगरलँडचा लहानातला लहान ढोल मागून पाहिला,
मजुरीच्या बदल्यात.
सेट मोडला की किंमत निम्मी, तो म्हणाला. खरंच होतं.

रविवारी नवी चौकट बसवली, फणसाची.
बसवण्याआधी भिंतीकडच्या अंगाला
पेन्सिलीनं एक आखूड बाण काढला
आणि एक सात, पोटात आडवी रेघ.
तिथे कुणाला दिसणार नाही.
वाळवीला दिसेल कधीतरी.