रुमालाखाली

करंगळी आधी गेली.
खरसुंडीच्या बाजारात, पौषी जत्रेत,
रुमालाखाली इलाही मुजावरनं काय दाबलं
तेच कळेना मला:
तीन बोटं, की चार?
हसून हो म्हणालो, आणि एका खोंडामागं
सात हजार गेले धन्याचे.
तेवीस वर्षांची दलाली, पहिल्यांदाच
हात खोटा ठरला.

आधी वाटलं, कासऱ्यानं आवळलं असेल.
मग शर्टाचं बटण.
मग तंबाखू, अंगठ्याखाली मळली जातेय का
ते डोळ्यांनी बघावं लागायचं.
दंडाची कातडी आपली आपण थरथरते,
माशी नसताना
बैलानं पाठ हलवावी तशी.

मिरजेला नेलं थोरलीनं.
डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल मागितली,
पिवळी पडलेली. सव्विसाव्या वर्षी
काखेत गाठ, तेहतीस शेक.
गाठ परत आली, असंच धरून बसलो होतो.
त्या म्हणाल्या, गाठ नाही. शेकच आहे तो.
आत अजून चालूच आहे त्याचं काम,
नसांभोवती चिवट जाळं विणत गेलाय
इतकी वर्षं, आवाज न करता.
उलटं फिरवता येणार नाही. सांभाळायचं.

लंगड्या बैलाला खांद्यावर डागतात आमच्यात.
जनावर उठतं, चालतं, विकलंही जातं.
डागाखालचं मांस पुढं काय करतं
ते कोण बघायला जातंय?
बैल तोवर तिसऱ्या दावणीला.
मी एकाच दावणीला राहिलो,
पोरीचं लग्न बघितलं, नातवाचं जावळ,
सगळं त्या शेकाच्याच जिवावर.
शिवी द्यायची तर कुणाला?

यंदा जत्रेला हात गळ्यात बांधून गेलो,
नुसतं बघून येतो, म्हणून सांगितलं घरी.
इलाही आला. माझा हात सोडवला,
वर रुमाल टाकला, थांबला.
मग त्याची बोटं मनगटावरून, कोपरावरून
रुमालासकट वर सरकली
पार खांद्यापर्यंत,
जिथं मापाचा निळा ठिपका अजून आहे.
"हितं कळतंय?"
कळत होतं.
दाबली त्यानं. एक, दोन, तीन, चार.
दमानं, पोराकडनं उजळणी घ्यावी तशी.

समोर खिलारी गोऱ्हा, शिंगांना हिंगूळ,
कान टवकारून.
मी मान हलवली. न्हाई.
अजून एक.